लेकीच्या एअर रायफलला मापाचा स्टॉक करून घेतला, वाळूजच्या पॅटर्नवाल्या चाचांकडून

स्टॉक म्हणजे रायफलचा हातात धरायचा आणि खांद्याला टेकवायचा भाग. आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. कामाला ५ पैकी साडेचार, वेळ पाळण्याला ५ पैकी दीड. पाच आठवडे सांगितले होते, अकरा लागले, आणि त्यात आमची एक स्पर्धा गेली. तरी परत करायची वेळ आली तर मी त्याच माणसाकडं जाणार. का ते सविस्तर लिहितो, कारण मी जेव्हा शोधत होतो तेव्हा मराठीत याच्यावर एक ओळ सापडली नाही, आणि मराठवाड्यात बसून असं काही करून मिळतं हेच बऱ्याच पालकांना माहीत नाही.

आम्ही जालन्याचे, माझं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. पोरगी अकरावीला, तीन वर्षांपासून १० मीटर एअर रायफल करायलीय. शनिवार-रविवार संभाजीनगरला रेंजवर जायचं आणि बाकीचे दिवस गच्चीवरच्या खोलीत रायफल धरून नुसतं उभं राहायचं, म्हणजे ड्राय प्रॅक्टिस. लेकरू डावखुरं आहे आणि तिचा मास्टर डोळाही, म्हणजे नेम धरायचा डोळाही, डावाच. रायफल मात्र उजव्या हाताची, जुनी जर्मन पीसीपी (सिलेंडरमधल्या दाबलेल्या हवेवर चालणारी), लाकडी स्टॉकची, एका सिनियर शूटरकडून सेकंडहँड घेतलेली. त्यावेळी बजेटमध्ये तीच बसली आणि ॲक्शन (म्हणजे आतली धातूची यंत्रणा), बॅरल एकदम चांगलं होतं म्हणून घेतली, स्टॉकचं बघू नंतर असं वाटलं होतं. तीच चूक झाली.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. उजव्या हाताच्या स्टॉकचा चीक पीस, म्हणजे गाल टेकवायचा भाग, डाव्या बाजूला फुगलेला असतो. डावखुऱ्याला तो उजवीकडं पाहिजे. ग्रिपचा तळहातात भरणारा फुगवटाही उलट्या बाजूला येतो, त्यामुळं पोरगी ग्रिप धरायची तेव्हा हाताच्या मध्ये पोकळी राहायची आणि ती पोकळी भरून काढायला ती नकळत मूठ आवळायची. मूठ आवळली की ट्रिगर ओढताना रायफल हलणार. एअर रायफलच्या टार्गेटवर १० चा ठिपका फक्त ०.५ मिलीमीटरचा असतो आणि मधोमधपासून अडीच मिलीमीटर सरकलं की एक अख्खा गुण गेला, तेही ६० शॉट आणि ७५ मिनिटं उभं राहून. इतक्या बारीक खेळात हाताला न बसणारं लाकूड घेऊन लेकरानं दोन वर्षं काढली. मान वाकडी करून गाल टेकवायची, घरी आली की मानेला बाम चोळायची, आणि मी तिला म्हणायचो की अजून मेहनत कर. आता आठवलं की वाईट वाटतं.

पर्याय काय होते ते पण सांगतो. वाल्थर, फाईनवर्कबाऊ, अँशुट्झ, श्टायर या रायफल कंपन्यांच्या वरच्या मॉडेलला आता ॲल्युमिनियमचा स्टॉक येतो, सगळं स्क्रूवर खालीवर, पुढंमागं होतं, आणि डाव्या हाताचीही मिळते. पण आम्हाला जे कोटेशन आलं ते तीन लाखाच्या वरचं होतं. नुसता स्टॉक बाहेरून मागवायचा म्हणलं तर आमच्या जुन्या मॉडेलला सरळ बसणारा मिळाला नाही. मग एका फर्निचरवाल्याकडं गेलो (कुठला ते लिहीत नाही), त्यानं सहा हजार घेतले आणि आहे त्याच स्टॉकच्या दुसऱ्या बाजूला प्लायचा तुकडा चिकटवून चीक पीस करून दिला. तिसऱ्या आठवड्यात तो मॅच चालू असताना निघाला. त्या पोरीच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

चाचांचा पत्ता लागला तो आमच्या एका गिऱ्हाईकाच्या पोरामुळं, तो वाळूज एमआयडीसीत फाउंड्रीत आहे. तो म्हणला काका, फर्निचरवाल्याकडं कशाला जाता, पॅटर्नवाल्याकडं जा. पॅटर्न म्हणजे ओतकामासाठी वाळूत साचा दाबायला आधी जो लाकडाचा हुबेहूब नमुना करतात तो. पंपाची बॉडी असो की गिअरबॉक्सचं कव्हर, आधी लाकडात होतं मग बिडात. ही माणसं अर्ध्या मिलीमीटरवर भांडतात. फर्निचरवाला सरळ रेषेचा माणूस, पॅटर्नवाला गोलाईचा, आणि स्टॉकमध्ये एक पण रेष सरळ नसते. हे मला आधी कळायला पाहिजे होतं. आता बरेच पॅटर्न सीएनसीवर व्हायला लागलेत त्यामुळं हातानं करणारे कमी राहिलेत, पण आहेत.

चाचांचं दुकान म्हणजे एक पत्र्याचं शेड, पाटी नाही. चाचा साठीच्या पुढचे, सोबत भाचा, तो मशीन चालवतो. मी रायफल केसमधून काढली तसे ते म्हणले, "ही ठेवा बाजूला. चालवणार कोण?" मी पोरीकडं बोट दाखवलं. तर म्हणले, "मग माप बेटीचं घ्यायचंय, बंदुकीचं नंतर." मी दुकानदार माणूस आहे, समोरच्याला काम येतं का नाही ते पहिल्या दोन वाक्यात कळतं. मला तिथंच कळलं.

पण त्या दिवशी माप झालंच नाही. पोरगी साध्या ड्रेसवर आली होती. चाचांनी विचारलं की उभं राहताना अंगात काय असतं, तिनं जॅकेट, ट्राउझर, बूट सांगितले, ते म्हणले मग ते घालूनच या. बरोबरच होतं. शूटिंग जॅकेट जाड कॅनव्हासचं असतं, खांद्यावर आणि कोपरावर आणखी जाडी, बुटाचा तळ सपाट. जॅकेटशिवाय घेतलेलं माप कशालाच उपयोगाचं नाही. ज्यांना जायचंय त्यांनी हे पहिल्याच दिवशी सगळं घेऊन जा, आमचा जालना ते वाळूज आणि परत एक हेलपाटा वाया गेला.

दुसऱ्या वेळी जे बघितलं ते मी विसरणार नाही. चाचांनी पोरीला रायफल दिलीच नाही. आधी तिला नुसतं पोझिशनमध्ये उभं केलं, उजवं कोपर उजव्या कमरेच्या हाडावर टेकवून तळहात वर, जशी रायफल त्या हातावर ठेवलीय. मग म्हणले डोळे मीट बेटा, मान सैल सोड, दहापर्यंत मोज, आणि मान जिथं आरामात थांबते तिथं थांबव. तिनं थांबवली. त्यांनी प्लंबचा ओळंबा धरून डोळ्यापासून तळहातापर्यंतची उभी उंची घेतली, परत घेतली, असं पाच वेळा. पाचही वेळा आकडे वेगळे आले, ११ मिलीमीटरचा फरक. मग तिला पाणी पाजलं, दहा मिनिटं बसवलं, परत पाच वेळा. दुसऱ्या फेरीत फरक ४ मिलीमीटरवर आला. म्हणले, "आता ती माझ्याकडं बघून उभी नाही राहायली, स्वतःसाठी उभी राहायलीय." मग त्याच्यातला मधला आकडा भिंतीवर पेन्सिलनं लिहिला.

ही उंची का महत्त्वाची ते सांगतो. एअर रायफल उभ्यानं मारतात आणि रायफलचं वजन दंडाच्या ताकदीवर नाही तर कोपर कमरेवर टेकवून हाडांवर घ्यायचं असतं. आता कोणाचं धड लांब असतं कोणाचे हात आखूड. आमच्या पोरीचं धड लांब आहे, त्यामुळं हात कमरेवर टेकला की रायफल खालीच राहते आणि मग डोकं खाली न्यावं लागतं, नाहीतर कोपर कमरेवरून उचलावं लागतं. ती दोन वर्षं अर्धं अर्धं दोन्ही करत होती. उपाय एवढाच की फोर-एंड, म्हणजे पुढच्या हातावर बसणारा भाग, खाली जाड करायचा, म्हणजे रायफल डोळ्यापर्यंत वर येते आणि डोकं सरळ राहतं. कोच हे सांगायचे पण आमच्या जुन्या स्टॉकला ते करायची सोयच नव्हती.

ग्रिपचं माप मातीवर घेतलं. शाळेत लेकरं खेळतात तसली क्ले, तिचा गोळा एका लाकडी दांड्यावर थापला आणि पोरीला डाव्या हातानं धरायला लावला, घट्ट नाही, दुधाचा ग्लास धरतो तसा. बोट ट्रिगरवर कुठं येतं ते बघायला दांड्याला एक खिळा ठोकून खोटा ट्रिगर केला होता. पहिल्या पेराचा मधला भाग खिळ्यावर सरळ, काटकोनात आला पाहिजे, तिरका आला की शॉट बाजूला ओढला जातो. तीन वेळा गोळा मोडला, चौथ्यांदा जमला. त्या गोळ्यावर तिच्या तळव्याच्या रेघा पण उमटल्या होत्या. चाचांनी तो दोन दिवस तसाच सुकवला आणि त्याच्यावरून लाकडात उतरवला.

मग डमी. पॅकिंगच्या पाइन लाकडाचा एक ओबडधोबड स्टॉक, त्याच्यात चीक पीस आणि बटला, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाला, लांब खाचा पाडून बोल्ट लावलेले, म्हणजे सरकवता येतात. त्याच्यावर खरी ॲक्शन बसवली आणि पोरगी त्यावर तीन बैठका उभी राहिली. परीक्षा एकच होती, डोळे मिटून पोझिशन घ्यायची, श्वास सोडायचा, डोळे उघडायचे आणि साईटमधून, म्हणजे नेम धरायच्या भोकातून, कागदावरचा काळा गोल कुठं दिसतो ते सांगायचं. गोल मध्ये आला तर अंग आणि रायफल जुळलं. नाही आला तर चाचा पाना घेऊन चीक पीस दोन मिली खाली, बट तीन मिली पुढं, परत डोळे मीट. शेवटच्या बैठकीत सलग सात वेळा गोल मध्ये आला आणि ती माझ्याकडं वळून फक्त "पप्पा" म्हणली.

माझ्या मते याच डमीसाठी माणसानं पैसे द्यावेत. जो कोणी डमीशिवाय थेट चांगल्या लाकडात घुसतो त्याच्याकडं जाऊ नका.

आता लाकूड. अक्रोड सगळ्यात बरं असं सगळे म्हणतात आणि ते खरंही आहे, पण तसलं वाळलेलं अक्रोड इथं मिळेना, आणि शिसव वजनाला जड पडतं. मी सागवान म्हणलं. आमच्या घनसावंगी तालुक्यातल्या गावचा माळवदाचा वाडा पाडला तेव्हा सागवानी तुळया ठेवून दिल्या होत्या, त्यातली एक टेम्पोत टाकून नेली. चाचांनी टोक कापलं, वास घेतला, चालेल म्हणले, पण दोन गोष्टी आधीच सांगितल्या. एक म्हणजे सागात वाळूचा अंश असतो, हत्यारं लवकर बोथट होतात, त्याचे पैसे वेगळे. दुसरं, साग तेलकट असतो, चिकटवायच्या आधी पुसून घ्यावा लागतो नाहीतर जोड सुटतो. एकाच ठोकळ्यातून कोरायला ते तयार नव्हते कारण ग्रिपच्या मागं स्टॉक बारीक होतो आणि तिथं रेषा आडव्या गेल्या तर साग सरळ चिरतो. म्हणून तीन फळ्या, रेषा लांबीत, मधल्या फळीची उलटी फिरवून, इपॉक्सीनं जोडून शिकंज्यात आवळल्या.

फळ्या चिरून झाल्यावर लगेच हात लावला नाही. जुन्या तुळईचं पण आतलं लाकूड उघडं पडलं की हवेप्रमाणं थोडं सरकतं. दर शनिवारी वजन करायचं ठरलं आणि ते माझ्याच दुकानातल्या बियाण्याच्या काट्यावर केलं, कारण तो ग्रॅमवर चालतो. फळीवर पेन्सिलनं लिहीत गेलो, पहिल्या आठवड्यात २३ ग्रॅम उतरलं, मग ९, मग २. दोनवर आल्यावर चाचा म्हणले आता चिकटवू. आपल्याकडं मे महिन्यात कोरडं ठक्क आणि जुलैत दार फुगून लागत नाही, अशा हवेत हे केलंच पाहिजे. एवढं करूनही तुळईत एक जुना खिळा आत मोडलेला निघाला आणि भाच्याची राउटरची बिट गेली, ती मी भरून दिली, माझंच लाकूड होतं.

आता जे चुकलं ते. ॲक्शन ज्या खाचेत बसते ती खाच आणि स्क्रूची भोकं पाडून झाली, मला फोन आला, मी दुकान भावावर सोडून गेलो, आणि ॲक्शन बसेना. म्हणजे बसायची, पण पुढंमागं हलायची आणि मागचं भोक जवळजवळ दोन मिलीनं चुकलेलं. चाचा बराच वेळ गप्प उभे होते. मग त्यांनी टेबलावरची स्टीलची पट्टी उचलली आणि दुसऱ्या पट्टीशेजारी ठेवून मला दाखवली. दोन्हीवर ३०० लिहिलेलं, पण एक दुसरीपेक्षा तीन मिलीमीटर लांब. ती पॅटर्नची पट्टी होती. ओतलेलं बीड थंड होताना मीटरला साधारण १० मिलीमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि दरवेळी गणित नको म्हणून या लोकांच्या पट्टीवरचे आकडेच तेवढे मोठे आखलेले असतात. चाळीस वर्षांची सवय, हात त्याच पट्टीवर गेला. लाकूड काही थंड होऊन आकसणार नव्हतं.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. त्याच्या पुढच्या रविवारी स्पर्धा होती. पण त्यांनी एक शब्द कारण दिलं नाही, खाच भरून काढतो असंही म्हणले नाही, सरळ तुळईचा उरलेला तुकडा काढला आणि पुढचा पूर्ण भाग नव्यानं केला, त्याचे पैसे घेतले नाहीत. दोन आठवडे त्यात गेले. बाकीचे चार आठवडे फाउंड्रीच्या कामामुळं गेले, मध्ये त्यांच्याकडं मोठी ऑर्डर आली आणि आमचं काम फळीवर पडून राहिलं, आणि हे मला फोन करून सांगितलं नाही, मीच दर तीन दिवसाला विचारायचो आणि "होतंय भाऊ" एवढंच ऐकायचो. याच्यासाठी मी मार्क कापलेत. आधीच सांगितलं असतं तर आम्ही स्पर्धेसाठी जुना स्टॉक परत चढवून तयारी केली असती. ऐनवेळी पोरगी घरी बसली.

नियमांचं एक महत्त्वाचं. कारागिराला आपल्या खेळाचे नियम माहीत नसतात, ते तुम्ही सांगायचे. चाचांनी पेपरात स्वप्नील कुसाळेचं पॅरिस २०२४ चं ब्राँझ वाचलं होतं, कोल्हापूरकडचा आपला पोरगा म्हणून लई कौतुक, आणि त्यानंतर कुठंतरी ५० मीटर रायफलचे फोटो बघून त्यांनी आम्हाला ग्रिपच्या मागं अंगठा जायला भोक असलेला स्टॉक काढून दाखवला. दिसायला छानच होता. पण ५० मीटर रायफलला ते चालतं, तिथं वजनही ८ किलोपर्यंत चालतं, १० मीटर एअर रायफलला थंबहोल चालत नाही, हात टेकवायला वेगळा पाम रेस्ट चालत नाही, वजन साईटसकट ५.५ किलोच्या आत पाहिजे, आणि बट प्लेटची खोली २० मिलीमीटरपेक्षा जास्त नको. मॅचच्या आधी इक्विपमेंट कंट्रोलला सगळं मोजतात. फोर-एंड किती खाली जाऊ शकतो, ग्रिप किती खाली, याच्यावरही मर्यादा आहेत. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमपुस्तकात रायफलचं चित्र आणि मापांचा तक्ता आहे, त्या दोन पानांची प्रिंट काढून पहिल्याच दिवशी कारागिराच्या भिंतीवर चिकटवा. आम्ही तिसऱ्या बैठकीला दिली, थोडक्यात वाचलो.

दुसरी एक गोष्ट, हवेच्या सिलेंडरची. त्यात २०० बारपर्यंत दाबाची हवा असते आणि भरलेला आणि रिकामा होत आलेला सिलेंडर अगदी सारखा राहत नाही, किंचित ताणतो. तो लाकडाला टेकत असेल तर प्रेशर उतरत जाईल तसा शॉट सरकतो. चाचांनी सवयीप्रमाणं सिलेंडरभोवती लाकूड असं चपखल बसवलं होतं की कागद जात नव्हता, त्यांना ते अभिमानाचं काम वाटत होतं. कोचनी फोनवर समजावून सांगितल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं ते खरवडलं, आता एक व्हिजिटिंग कार्ड दुमडून सिलेंडरच्या खालून पूर्ण फिरतं. ॲक्शन मात्र उलट, ती घट्टच पाहिजे. तिथं स्क्रूच्या भोकात ॲल्युमिनियमच्या नळ्या बसवल्या, म्हणजे स्क्रू आवळला की लाकूड दबत नाही, आणि बाकी जागेत इपॉक्सीचा थर देऊन ॲक्शनला वॅक्स लावून त्यात बसवून काढली, तिचा साचाच उमटला. हे काम त्यांना सांगावं लागलं नाही, साचे काढणं तर त्यांचा धंदाच.

फिनिशला आधी चकचकीत पीयू पॉलिश मारला होता. फोटोत एक नंबर दिसतो पण हाताला घाम आला की सटकतो आणि गालाला चिकटतो. परत घासून काढला आणि उकळलेलं जवसाचं तेल चार-पाच हात पातळ लावलं, प्रत्येक हातानंतर एक-दोन दिवस वाळवून. तेलाचे बोळे चाचा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचे, कारण जवसाच्या तेलाची चिंधी गोळा करून टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकते. घरी कोणी हे करणार असेल तर लक्षात ठेवा. ग्रिपवर बारीक टोच्यानं टिपके टिपके मारून खरखरीत केलंय, ते मला सगळ्यात जास्त आवडलं, पोरीला पण.

खर्च. मजुरी आणि डमी मिळून २१,०००. ॲडजस्टेबल बट प्लेट आणि चीक पीसचे रॉड बाहेरून घेतले ते ९,५००. बिट, इपॉक्सी, सटरफटर २,२००. लाकूड घरचं. जाण्यायेण्याच्या दहा-अकरा फेऱ्या धरल्या नाहीत. कोणाला ही रक्कम जास्त वाटेल, मला नाही वाटली. वजन सगळं धरून ४.८६ किलो आलं, पुढं अजून वजनाची पट्टी लावायला जागा आहे.

आता उपयोग झाला का. पहिले तीन आठवडे स्कोअर खाली आला, हे सगळ्यांनी मनाची तयारी ठेवून ऐका. आधी ५९८ ते ६०३ च्या मध्ये मारणारी पोरगी ५९१ वर आली (गुण दशांशात मोजतात, एका शॉटला १०.९ पर्यंत, म्हणून ६० शॉटला ६०० च्या वर जातात). मी घाबरलो, कोच घाबरले नाहीत, म्हणले तिचं अंग दोन वर्षं वाकडं उभं राहायला शिकलंय, सरळ उभं राहायला वेळ लागणार, महिनाभर स्कोअर लिहूच नका. मग आम्ही लिहिला नाही. पाचव्या आठवड्यात चीक पीस दोन मिली वर घेतला, साईटखाली एक रायझर, म्हणजे ती उंच करणारा तुकडा, टाकला, आणि नंतरच्या दोन महिन्यांत ६०७, ६०९, एकदा ६११.४. पण मला स्कोअरपेक्षा दुसरं जास्त जाणवतं. बामची बाटली कपाटात आहे, उघडलेली नाही. आणि चाळिसाव्या शॉटनंतर आधी ती सारखी रायफल स्टँडवर ठेवून हात झटकायची, ते बंद झालं.

एक मर्यादा सांगायची राहिली. कॉकिंगचा लिव्हर, म्हणजे प्रत्येक शॉटआधी ओढायचा दांडा, उजवीकडंच आहे, तो ॲक्शनचा भाग, स्टॉकनं बदलत नाही. ती रायफल स्टँडवर टेकवून उजव्या हातानं लोड करते, सवय झालीय.

लहान लेकरांच्या पालकांना एक विनंती, बारा-तेरा वर्षांच्या पोराला इतका मापाचा स्टॉक आत्ताच करू नका, वर्षात उंची वाढेल आणि पैसे जातील. आमच्यावेळी चाचांनी बटला मागं जास्तीची खाच ठेवलीय आणि फोर-एंडखाली टाकायला दोन, चार आणि सहा मिलीच्या तीन पट्ट्या सागाच्याच करून दिल्यात, ते आम्ही न मागता.

चाचांचं नाव-नंबर इथं टाकत नाही, त्यांनीच सांगितलंय की फाउंड्रीचं काम आधी, वर्षाला दोन-तीनपेक्षा जास्त स्टॉक जमणार नाहीत. पण वाळूज असो, चिकलठाणा असो की तुमच्या गावची एमआयडीसी, जिथं फाउंड्री आहे तिथं पॅटर्न करणारा असतोच, फाउंड्रीच्या गेटवर विचारा. जाताना लेकराचं जॅकेट-बूट, नियमांची दोन पानं आणि घरातली एक साधी पट्टी घेऊन जा, आणि खाच पाडायच्या आधी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून बघा.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही परत जाणार आहोत. पोरगी दीड सेंटीमीटर वाढलीय, चार मिलीची पट्टी टाकायची वेळ आलीय, आणि चाचांनी सांगितलंय की पट्टी घरी टाकू नका, तिला घेऊन या, जॅकेट घालून.